भाव वाढला तो नफ्याने की नुसत्या पी/ईने? ग्रोथ शेअर निवडण्याचा हिशोब

शेअरचा भाव दोनच गोष्टींनी बनतो. एका शेअरमागे कंपनी किती कमावते, म्हणजे ईपीएस, आणि त्या कमाईच्या एका रुपयासाठी लोक किती रुपये मोजायला तयार आहेत, म्हणजे पी/ई. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी कंपनीच्या हातात असते. दुसरी ठरते व्याजदरावर, परदेशी पैशावर आणि बाजारातल्या उत्साहावर. ग्रोथ शेअरमध्ये, म्हणजे नफा वेगाने वाढेल या अपेक्षेने घेतल्या जाणाऱ्या शेअरमध्ये, हात पोळतात ते बहुतेक वेळा या दोन्हींची गल्लत केल्यामुळे. कंपनी उत्तम असते, नफाही वाढत असतो, तरी तीन वर्षांनी खात्यात तोटा दिसतो. म्हणून कुठलाही शेअर निवडण्याआधी त्याच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या भाववाढीतला नफ्याचा वाटा किती आणि पी/ईचा किती, एवढं कागदावर सोडवा. पाच मिनिटांचं काम आहे. (इथे आलेली कंपन्यांची नावं हिशोब दाखवण्यासाठी आहेत, खरेदी-विक्रीची शिफारस म्हणून नाहीत.)

एशियन पेंट्स घ्या. जानेवारी २०२२ मध्ये हा शेअर ३,५०० रुपयांच्या वर होता आणि पी/ई शंभरी ओलांडून गेला होता. २०२१-२२ चा निव्वळ नफा ३,०३१ कोटी रुपये. पुढच्या दोन वर्षांत तो वाढून २०२३-२४ मध्ये ५,४६० कोटींवर गेला, म्हणजे तब्बल ८० टक्के वाढ. तरीही मार्च २०२४ अखेर भाव २,९०० च्या आत. पी/ई शंभरावरून पन्नाशीला आला आणि नफ्याची सगळी वाढ त्यात जिरली.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. त्या दोन वर्षांत विक्री २९,१०१ कोटींवरून ३५,४९५ कोटींवर गेली, म्हणजे जेमतेम २२ टक्के वाढ. नफा ८० टक्के आणि विक्री २२ टक्के, तर मधली तफावत आली कुठून? मार्जिनमधून, म्हणजे विक्रीच्या दर रुपयातून खर्च वजा जाता उरणाऱ्या हिश्श्यातून. रंगांचा बराच कच्चा माल खनिज तेलापासून बनतो, तो स्वस्त झाला आणि मार्जिन फुगलं. मार्जिनमधून आलेली वाढ एकदाच मिळते, दरवर्षी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिर्ला ओपस हा रंगांचा नवा ब्रँड बाजारात उतरला, मागणीही मंदावली आणि २०२४-२५ मध्ये नफा ३,६६७ कोटींवर घसरला. ज्यांनी फक्त नफ्याचा आलेख पाहिला त्यांना २०२३-२४ हे भरभराटीचं वर्ष वाटलं. ज्यांनी विक्री आणि नफा शेजारी ठेवून पाहिला त्यांना शंका तेव्हाच यायला हवी होती.

आता उलट उदाहरण, पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचं. २०२०-२१ मध्ये विक्री ४,१८८ कोटी आणि नफा ४५१ कोटी. २०२४-२५ मध्ये विक्री ११,९३९ कोटी आणि नफा १,४०० कोटी. विक्री २.८५ पट, नफा ३.१ पट. दोन्ही जवळपास हातात हात घालून वाढले, म्हणजे वाढ प्रामुख्याने धंद्यातूनच आली. पण भाव या काळात, एप्रिल २०२४ मधल्या शेअर-विभाजनाचा हिशोब धरून, साडेपाच पटींहून जास्त झाला. नफा तिप्पट आणि भाव साडेपाच पट, याचा अर्थ पी/ईसुद्धा सुमारे ३२ वरून ६० च्या घरात गेला. या चार वर्षांचा परतावा पाहून जो आज शेअर घेतो, त्याला नफ्याची वाढ कदाचित मिळेल. पी/ई पुन्हा दुप्पट होईल हे मात्र धरून चालता येत नाही, आणि तो परत ३५ वर येऊ शकतो हे धरूनच चालावं लागतं.

व्याजदर ग्रोथ शेअरला जास्त का लागतात

रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी, ठरलेल्या बैठकीची वाट न बघता, रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ४.४० केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० झाला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचा परतावा २०२० च्या उत्तरार्धात ६ टक्क्यांच्या आसपास होता, तो जून २०२२ मध्ये साडेसातवर पोचला. रोख्यात बिनधोक साडेसात टक्के मिळत असताना शेअरकडून लोक जास्त परतावा मागतात. तो मागितला की काय होतं ते आकड्यातच बघा.

दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत, वर्षाला १० टक्के परतावा हवा असेल तर ३८.५५ रुपये. १२ टक्के हवा असेल तर ३२.२० रुपये. कंपनीत काडीचाही फरक न पडता साडेसोळा टक्के घट. तेच १०० रुपये तीन वर्षांनी मिळणार असतील तर किंमत ७५.१३ वरून ७१.१८ होते, म्हणजे घट फक्त सव्वापाच टक्के. ग्रोथ कंपनीची बहुतेक कमाई दूरच्या वर्षांत असते, म्हणून दर वाढले की मार तिलाच जास्त बसतो. जिची कमाई जितकी लांबची, तिला तितका जास्त.

झोमॅटोच्या भागधारकांनी हे अनुभवलं. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) आला आणि नोंदणीच्या दिवशी भाव शंभरीपार गेला. नफा अजून दिसायचा होता. २०२२ मध्ये अमेरिकेत आणि इथे दर चढू लागले. त्यात जुलै २०२२ मध्ये आयपीओपूर्वीच्या भागधारकांचा एक वर्षाचा लॉक-इन (शेअर विकण्यावरची बंदी) संपला, तेव्हा शेअर एका दिवसात ११ टक्क्यांच्या आसपास पडला आणि नंतर चाळिशीत आला. कंपनी त्याच काळात तोटा कमी करत होती आणि ताळेबंदात हजारो कोटींची रोकड होती. एप्रिल-जून २०२३ मध्ये पहिल्यांदा २ कोटींचा तिमाही नफा झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये भाव ३०० च्या वर गेला. तोट्यातल्या कंपनीत पी/ई काढताच येत नाही. मग बघायचं ते तीन आकड्यांकडे: दर ऑर्डरमागे सुटणारी रक्कम तिमाहीगणिक वाढतेय का, हातातली रोकड सध्याच्या तोट्याला किती वर्षं पुरेल, आणि लॉक-इन कधी संपतोय. आता आयपीओपूर्वीच्या बहुतेक बिगर-प्रवर्तक भागधारकांना सहा महिन्यांचा लॉक-इन असतो. अँकर गुंतवणूकदारांचे (आयपीओ खुला होण्याआधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर ३० दिवसांनी आणि उरलेले ९० दिवसांनी मोकळे होतात. नवा शेअर घेण्याची घाई असेल तर निदान या तारखा कॅलेंडरमध्ये टाका.

दर कमी झाले की ग्रोथ शेअर आपोआप वाढतात असंही समजू नका. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, तरी त्या वर्षी स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचे) निर्देशांक घसरणीतच बंद झाले. भावात जितकी वाढ धरलेली होती तितका नफा आला नाही, हे त्याचं मोठं कारण.

भावात किती वाढ धरली आहे?

हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी हिशोब, आणि तो फारच थोडे लोक करतात. शेअरचा पी/ई ६० आहे. तुम्हाला पाच वर्षं दरसाल १५ टक्के परतावा हवा, म्हणजे भाव २.०१ पट व्हायला हवा. पाच वर्षांनी कंपनी मोठी झालेली असेल, वेग मंदावलेला असेल, म्हणून पी/ई ३० धरा. पी/ई निम्मा होणार असेल तर ईपीएस ४.०२ पट व्हायला हवा, म्हणजे पाच वर्षं सलग दरसाल ३२ टक्के. आता कंपनीचा दहा वर्षांचा इतिहास उघडा आणि बघा, ३२ टक्के तिने सलग पाच वर्षं कधी केलेत का. पी/ई ३५ असताना हाच हिशोब केला तर लागणारी वाढ १९ टक्क्यांच्या आसपास येते. दोन कंपन्यांतली कुठली घ्यायची याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं.

मग ताण देऊन बघा. ईपीएस २० रुपये, भाव १,२००, पी/ई ६०. नफा दरसाल २५ टक्क्यांनी वाढला तर तीन वर्षांनी ईपीएस ३९ रुपये. पी/ई ३५ वर आला तर भाव १,३६७, म्हणजे दरसाल साडेचार टक्क्यांच्या आत. बचत खात्याहून थोडं बरं, एवढंच. आणि वाढ १५ टक्क्यांवर आली, सोबत पी/ई ३० झाला, तर ईपीएस ३०.४० आणि भाव ९१२. नफा ५२ टक्के वाढूनही २४ टक्के तोटा. वाढ मंदावणं आणि पी/ई घसरणं या दोन गोष्टी जवळपास नेहमी एकत्रच येतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी कमी धरूनच हा हिशोब करायचा.

चाळणी आणि तिची भोकं

स्क्रीनरसारख्या संकेतस्थळावर पहिली चाळणी लावणं सोपं आहे: पाच वर्षांची विक्रीवाढ दरसाल १५ टक्क्यांच्या वर, आरओसीई (धंद्यात गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा) १८ टक्क्यांच्या वर, कर्ज स्वभांडवलाच्या (भागधारकांच्या पैशाच्या) निम्म्याहून कमी, आणि पाच वर्षांचा एकूण कार्यचलन रोखप्रवाह (धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोख) हा एकूण निव्वळ नफ्याच्या निदान ७० टक्के. बँका आणि एनबीएफसी (कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्तसंस्था) यातून वगळा. त्यांना कर्ज आणि रोखप्रवाहाचे हे निकष लागूच पडत नाहीत.

या चाळणीचं पहिलं भोक म्हणजे चक्राकार धंदे. रसायनं, धातू, साखर यांसारख्या धंद्यांत भरभराटीच्या शिखरावर विक्रीवाढ, आरओसीई, सगळंच देखणं दिसतं. २०२१-२२ मध्ये अनेक स्पेशालिटी केमिकल कंपन्या ग्रोथ म्हणून विकत घेतल्या गेल्या. पुढे चिनी माल स्वस्तात येऊ लागला, ग्राहकांनी साठा कमी केला आणि मार्जिन कोसळलं. उपाय असा: दहा वर्षांचं सरासरी मार्जिन काढा आणि आजच्या विक्रीला ते लावा. विक्री १,००० कोटी, आजचं मार्जिन (घसारा, व्याज आणि कर वजा करण्याआधीचं) २८ टक्के, दहा वर्षांची सरासरी १८ टक्के. घसारा ३० आणि व्याज १० कोटी. आजचा करपूर्व नफा २४० कोटी, कर वजा जाता सुमारे १८० कोटी. सरासरी मार्जिनने करपूर्व १४० आणि करोत्तर सुमारे १०५ कोटी. बाजारमूल्य ४,५०० कोटी असेल तर स्क्रीनवर पी/ई २५ दिसेल, प्रत्यक्षात तुम्ही ४३ मोजताय.

दुसरं भोक कोविडच्या पायाभूत वर्षाचं. २०२०-२१ हे वर्ष सुरुवातीला धरलं तर भल्याभल्या सुमार कंपन्या वेगवान दिसतात. २०१९-२० पासून मोजा.

तिसरं, शेअरची संख्या. नफा १०० वरून १५० कोटी झाला, पण क्यूआयपी (मोठ्या संस्थांना नवे शेअर विकणं) आणि वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने नवे शेअर घेण्याचा हक्क) काढून शेअर १० कोटींवरून १३ कोटी झाले, तर ईपीएस १० वरून साडेअकराच होतो. कंपनीची वाढ ५० टक्के, तुमची १५ टक्के. स्वतःच्या पैशावर कंपनी किती वेगाने वाढू शकते याचा ठोकताळा म्हणजे आरओई (भागधारकांच्या पैशावरचा परतावा) गुणिले नफ्यातला राखून ठेवलेला हिस्सा. आरओई १६ टक्के आणि लाभांशात २० टक्के नफा जात असेल तर १२.८ टक्के. अशी कंपनी ३० टक्क्यांनी वाढत असेल तर उरलेला पैसा कर्जातून किंवा नव्या शेअरमधून येतोय, आणि बाजार पडला की हे दोन्ही नळ एकदम बंद होतात. तेजीत वाढणाऱ्या किती कंपन्या मंदीत अचानक थांबतात, त्याचं कारण इथे असतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. म्हणून रोखप्रवाहावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पाच वर्षांचा नफा ५०० कोटी आणि रोख आली १५० कोटी, तर कुठेतरी पाणी मुरतंय. आधी येणं, म्हणजे ग्राहकांकडून अजून न आलेले पैसे, बघा: येणं भागिले विक्री गुणिले ३६५. ६० दिवसांवरून ११० दिवस झाले असतील तर माल जातोय, पैसे येत नाहीत. इथे एक खाचखळगा आहे. कंपनीची विक्री जानेवारी-मार्चमध्येच जास्त होत असेल तर मार्चअखेरचं येणं वर्षाच्या विक्रीशी ताडून फसगत होते. वर्षाची विक्री १,२०० कोटी, शेवटच्या तिमाहीची ४८० कोटी आणि येणं ३०० कोटी असेल, तर वर्षाच्या हिशोबाने ९१ दिवस येतात आणि तिमाहीच्या हिशोबाने ५६. मग शंका कशी फेडायची? पुढच्या एप्रिल-जूनची विक्री बघा. ती आधीच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा घसरली असेल तर मार्चमध्ये वितरकांच्या गळ्यात माल मारला होता. ताळेबंद वर्षातून दोनदाच येतो, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांसोबत. सप्टेंबरचा लोक चाळतही नाहीत. तो आवर्जून उघडा.

सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या कंपन्यांत हे दुप्पट महत्त्वाचं. जल जीवन मिशनची बिलं रखडली तेव्हा ऑर्डर बुक भरगच्च असलेल्या कंपन्यांचंही गाडं अडलं. क्रिसिल, इक्रा, केअर यांचे पतमानांकनाचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. त्यात बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या मर्यादेचा सरासरी वापर किती, हे बहुधा एका ओळीत दिलेलं असतं. सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर विक्रीवाढीचे आकडे कितीही सुंदर असोत, थांबा.

वाढ एखाद्या नियमावर उभी असेल तर तेही लिहून ठेवा. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांचा जोखीम-भार (कर्जामागे किती भांडवल राखायचं ते ठरवणारं प्रमाण) १०० वरून १२५ टक्के केला आणि वेगाने वाढणाऱ्या एनबीएफसींचं गणित बदललं. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने निर्देशांकांवरच्या वायदे सौद्यांची साप्ताहिक एक्स्पायरी (मुदतसमाप्ती) एका शेअर बाजाराला एकाच निर्देशांकापुरती ठेवली, त्याचा फटका ब्रोकर कंपन्यांच्या उलाढालीला बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानेच बंदी आली. अशा कंपन्या घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्यांचा पोर्टफोलिओतला वाटा इतरांच्या निम्मा ठेवा.

घ्यायचा कसा, विकायचा कधी

२७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ वर पोचला. ऑक्टोबरमध्ये परदेशी संस्थांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. त्याच महिन्यात म्युच्युअल फंडांच्या एसआयपीतून येणारी रक्कम पहिल्यांदाच २५ हजार कोटींच्या वर गेली, तरी घसरण थांबली नाही आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला निफ्टी २२ हजारांच्या खाली गेला. स्मॉलकॅपची पडझड त्याहून बरीच मोठी होती. असं काही कधी होणार हे आधी ओळखता येत नाही, म्हणून एकरकमी खरेदी टाळायची.

खरेदीचे हप्ते तारखेला किंवा भावाला बांधू नका, निकालांना बांधा. १० लाखांच्या पोर्टफोलिओत एका ग्रोथ शेअरला कमाल ५० हजार. त्यातले १५ हजार वरचा हिशोब जुळल्यावर. पुढचे १५ हजार त्यानंतरच्या तिमाही निकालात मालाची विक्री, म्हणजे रुपये नव्हे तर टन, नग किंवा ग्राहकसंख्या, अपेक्षेप्रमाणे वाढली असेल तर. उरलेले २० हजार बाजार पडून पी/ई उतरेल पण निकाल शाबूत असतील तेव्हासाठी. नुसता भाव पडला म्हणून निकालाआधीच सरासरी कमी करायला जाणं सगळ्यात महागात पडतं, कारण ग्रोथ शेअर अनेकदा वाईट निकालाची कुणकुण लागल्यामुळेच पडत असतो. तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत यावेच लागतात. कॉनकॉलची (निकालांनंतर व्यवस्थापनाने विश्लेषकांशी केलेल्या चर्चेची) लेखी प्रत पाच कामकाजाच्या दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येते, भागधारणेचा तक्ता तिमाही संपल्यावर २१ दिवसांत. कॉनकॉल वाचताना व्यवस्थापनाने वर्षापूर्वी दिलेला अंदाज शेजारी ठेवा. तारण ठेवलेले प्रवर्तकांचे शेअर भागधारणेच्या तक्त्यात दिसतात.

छोट्या कंपनीत रोजची डिलिव्हरी (त्याच दिवशी परत न विकता खात्यात घेतलेले शेअर) किती रुपयांची होते हेही पाहून घ्या. रोज सरासरी ४० लाखांची डिलिव्हरी होत असेल तर आपला वाटा दोन लाखांपुढे नको. वाईट बातमीच्या दिवशी लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची कमाल मर्यादा) लागलं की विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कोणी नसतो, स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विकण्याची सूचना) लावलेला असला तरी.

विक्रीची कारणं खरेदीच्या दिवशीच लिहा, नंतर मन सबबी शोधतं. सलग दोन तिमाही मालाची वाढ ठरवलेल्या आकड्याच्या खाली राहिली तर निम्मा शेअर काढा. मुदतीआधी लेखापरीक्षकाने राजीनामा दिला, तर कारणाची वाट न बघता सगळा. आणि वर दाखवलेल्या उलट्या हिशोबाने भावात धरलेली वाढ दरसाल ३५ टक्क्यांच्या पुढे गेली तर कंपनी कितीही आवडती असो, टप्प्याटप्प्याने कमी करत जा.

हप्त्यांनी घेतलेला शेअर विकताना कराकडे लक्ष हवं. डिमॅट खात्यात आधी घेतलेला शेअर आधी विकला असं धरलं जातं, त्यामुळे एकाच विक्रीत काही शेअर वर्षाच्या आतले आणि काही बाहेरचे असू शकतात. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, आणि त्यापुढच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के, शिवाय उपकर. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, मात्र त्यासाठी त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं.